पुसणी

रविवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता आरवंद खाडीच्या मुखाशी भरतीचं पाणी चढू लागलं. वाळूच्या पट्टीवर तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला गेलेल्या सहा बायकांपैकी पाच जणी मांडीभर पाण्यातून चालत गावच्या काठाला आल्या. शालन मेथर आली नाही.

हे कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. पाचही जणींनी डोक्यावरून पुढं ओढलेले पदर मागं सारले, टोपल्या टेकल्या, ओले सोगे पिळले. मग एकीनं विचारलं,

"शालनकाकी खंय गो?"

"फुडे गेली मा ती?"

"फुडे तर मी होतंय."

"मगे मागसून येता असात."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पट्टीचा मधला भाग पाण्याखाली गेला होता.

ही पट्टी ओहोटीला खाडीच्या मधोमध उघडी पडते. तिचं एक टोक समुद्राकडे, दुसरं आत, उत्तर काठावरच्या कांदळवनाकडे. मध्ये ती खोलगट आहे. भरती लागली की आधी मधला भाग बुडतो आणि दोन्ही टोकं थोडा वेळ बेटांसारखी उरतात. म्हणून आरवंदच्या बायकांची रीत अशी, की पट्टी सोडताना सगळ्यांत मागे असेल तिनं हाळी द्यायची आणि प्रत्येकीनं ओ द्यायची. एक ओ कमी पडली तर कुणी पाण्यात पाय घालायचा नाही.

त्या दिवशी हाळी दिली गेली नाही. वर ड्रोन होता.

ड्रोन आला की आरवंदच्या बायका तीन गोष्टी करतात. टोपली खाली ठेवतात, पदर तोंडावर ओढून पाठ करून बसतात, आणि जरा वेळानं एकमेकींपासून पांगतात. ओळीनं दिसायचं नाही, बोलायचं नाही. ड्रोनला आता माणूस टिपता येत नाही, तसा कायदाच आहे, हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. सांगणारा शालन मेथरचाच मुलगा होता. त्यावर शालननं एकदा त्याला विचारलं होतं, "कायदो इलो म्हणान त्येचे डोळे गेले काय रे?"

तर बायका पांगल्या, आणि पाणी पायाला लागल्यावर पदराआडूनच काठाकडे निघाल्या. पदराआडून पाहिलं तर आपल्या पायांपुढची हातभर वाळू दिसते, बाकी काही दिसत नाही.

सिद्धेश मेथर कुडाळहून पोचला तेव्हा उजेड होता. तो एकेचाळीस वर्षांचा. हवाई छायाचित्रणाचा व्यवसाय करतो: बंदरं, आंब्याच्या बागा, रस्त्यांची कामं. काठावर त्याचे वडील उकिडवे बसले होते. गावातल्या दोन होड्या पाण्यात गेल्या होत्या. दोन्ही समुद्राच्या दिशेनं.

"तिकडेच का?" त्यानं फौजदारांना विचारलं.

"दुसरीकडे कुठं? आज मध्यरात्री ओहोटी लागली की पाणी सगळं बाहेर खेचणार. त्याआधी मुखाशी गाठायला हवं. माझ्याकडे दोनच बोटी आहेत, मेथर. मालवणची बोट यायला वेळ आहे. कांदळवनात एक टाकली तर इकडे एकच उरते. तुम्ही सांगा, तुमच्या आई कोणत्या टोकाला होत्या? सांगा, मी सगळ्या तिकडे वळवतो."

सिद्धेशनं बायकांकडे पाहिलं. पाचही जणींनी माना खाली घातल्या.

"अरे, ड्रोन होतो मा वर!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्येच्यात सगळा दिसतला. त्या पोराक बोलवा."

गर्दीत हायसं वाटल्याचा आवाज उठला. फौजदारही वळले. फक्त सिद्धेश वळला नाही. त्या ड्रोनमध्ये काय दिसणार, हे त्या काठावर त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ड्रोनवाल्याचं नाव फिरोज मुजावर. कोल्हापूरचा, लग्नाआधीच्या चित्रफिती करणारा. त्याच्याकडे परवाना होता, उड्डाणाची परवानगी होती, उंचीची मर्यादा त्यानं पाळली होती. समोरच्या काठावर एका जोडप्याचं चित्रण आटोपून तो कोल्हापूरच्या वाटेला लागला होता. फोन गेल्यावर गाडी वळवून परत आला. पोलीस चौकीच्या ओट्यावर त्यानं लॅपटॉप उघडला.

पडद्यावर आरवंदची खाडी होती. निळंहिरवं पाणी, कांदळवनाची गर्द किनार, मधोमध वाळूची पट्टी. पट्टीवर कुणीही नव्हतं.

"ह्यो खंयचो सिनेमा?" सिद्धेशचे वडील म्हणाले. "बायको खंय आसत?"

"अण्णा, बसा जरा."

"नाय, बायको खंय आसत ता सांग. सहा बायको. आंधळो असलो तरी इतको नाय."

एवढ्यात पट्टीवर, रिकाम्या वाळूत, एक टोपली उमटली. मग दुसरी. मग तीन-चार एकदम. कुणी आणून ठेवल्या नाहीत, नुसत्या उमटल्या. ओट्यावरची माणसं पुढं वाकली.

"हातात असलेली वस्तू माणसाबरोबर जाते," सिद्धेश म्हणाला. "खाली ठेवली की दिसते."

सगळ्यांत डावीकडच्या टोपलीच्या कडीला लाल जाळ्याची चिंधी बांधलेली होती. ती शालनची. ती थोडा वेळ वाळूत राहिली, आणि मग नाहीशी झाली. उचलली गेली होती. कुठल्या दिशेनं नेली गेली, ते दिसायचा प्रश्न नव्हता. बाकीच्या टोपल्याही एकेक करून गेल्या. चित्र सरकलं आणि समोरच्या काठावरचं जोडपं आलं. ओढणी उडवत हसणारी मुलगी आणि तिच्यामागं धावणारा मुलगा. अख्ख्या खाडीवर ती दोनच माणसं होती.

अण्णांनी बोट पडद्याला लावलं. "तुज्या यंत्राक आवस दिसूक नाय?"

"आई दिसली, अण्णा," सिद्धेश म्हणाला. "दिसली नि पुसली."

कागदोपत्री पुसणाऱ्या या यंत्रणेचं नाव 'उगमस्थानी निर्मानवीकरण' असं आहे. छायाचित्रकारांनी पहिल्याच आठवड्यात तिला पुसणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

कॅमेऱ्याच्या भिंगामागं प्रकाश टिपणारी एक चकती असते. तिच्यावरच्या लाखो ठिपक्यांवर पडलेल्या प्रकाशाचे आकडे होतात, आणि ते आकडे साठवले की चित्र तयार. पुसणी ही या दोहोंमध्ये बसवलेली चिप. चकतीवरून आकडे निघाले, की साठवणीत जाण्याआधी ती त्यांत माणूस शोधते: त्याचा आकार, हालचाल, सावली, पाण्यातलं प्रतिबिंब. सापडला की तेवढे आकडे फेकून देते आणि आजूबाजूच्या जमिनीवरून, आधीच्या चित्रांवरून, तिथं माणूस नसता तर काय दिसलं असतं ते रचून भरते. जोड दिसू नये म्हणून वर थोडी कृत्रिम रवाळी, म्हणजे बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा, पसरते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. ज्यांनी होकाराचं कडं मनगटात घातलं असेल तेवढीच माणसं ती सोडते. मूळ चित्र लपवलेलं नसतं, ते कधी तयारच होत नाही. चोरायला, विकायला, कोर्टात मागायला काही उरत नाही. बचावकार्याच्या सरकारी ड्रोनांना सूट आहे. धंद्याच्या एकाही ड्रोनला नाही.

ग्राहकांची तक्रार आली नाही. उलट गर्दीच्या किनाऱ्यावर आपण दोघंच, अशी चित्रफीत लोकांना फार आवडली. पुसणी आल्यापासून फिरोजसारख्यांचा धंदा वाढला.

कायद्याच्या मुळाशी याच पट्टीवरची एक चित्रफीत होती. सात वर्षांपूर्वी कुणीतरी वरून तिसऱ्या काढणाऱ्या बायका टिपल्या. कासोटे घातलेल्या, वाकलेल्या, ओल्या. खाली घाणेरडं गाणं जोडलं आणि सोडून दिली. तीत कुणाचा चेहरा नव्हता. तरी दर्शना खवणेकरला लोकांनी ओळखलं. लहानपणी मोडलेल्या पायामुळे ती किंचित झोल देऊन चालते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि तिची बॅग अंगणाच्या कडेला ठेवून गेला.

दर्शनाचं घर सिद्धेशच्या घराला लागून. त्यानंतर हवाई छायाचित्रणाचे नियम ठरवणारी समिती बसली, तेव्हा व्यावसायिकांचा प्रतिनिधी म्हणून तो स्वतःहून गेला. आपल्याच धंद्यावर बंधनं मागणाऱ्या या माणसाचं समितीला नवल वाटलं. पुण्याच्या प्रतिमाशास्त्रज्ञ डॉ. रेवती लोंढे यांनी तिथं एक सूचना मांडली होती: मूळ चित्र तीन दिवस कुलूपबंद ठेवावं, न्यायाधीशाच्या आदेशानंच उघडावं. कुणी हरवलं, बुडालं, तर उपयोगी पडेल.

"कुलूप ठेवलं की किल्ली आली, मॅडम," सिद्धेश म्हणाला होता. "आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. आमच्या गावच्या बायका त्या खिशाच्या भरवशावर ओहोटीला जाणार नाहीत."

त्याचं म्हणणं मान्य झालं. सावलीही पुसावी ही दुरुस्ती त्याची. पुसलेलं परत उघड करण्याचा कुठलाही प्रयत्न हा गुन्हा, हे कलमही त्याचंच.

सोमवारी सकाळी बचावकार्याचा सरकारी ड्रोन आला. तो पाहू शकत होता, पण कांदळवनाच्या दाट छपराखालचं त्यालाही दिसेना. समुद्रावर काही सापडलं नाही. फौजदारांनी बोटी मुखाशीच ठेवल्या.

दुपारी सिद्धेशनं डॉ. लोंढ्यांना फोन लावला. समितीनंतर दोघं बोलले नव्हते. त्यानं थोडक्यात सांगितलं.

"मेथर, एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "नीट ऐका, मग ठरवा. कुठल्याही दोन कॅमेऱ्यांची चकती सारखी नसते. कारखान्यात राहून गेलेल्या बारीक फरकांमुळे काही ठिपके थोडे तेज, काही थोडे मंद. प्रत्येक चित्रात तो ठसा उतरतो. डोळ्यांना दिसत नाही, गणितानं निघतो. पुसणी जिथं स्वतःचं चित्र भरते, तिथं ती रवाळी घालते, पण ती कृत्रिम. त्या कॅमेऱ्याचा ठसा तिला घालता येत नाही."

"म्हणजे पुसलेल्या जागी ठसा नसतो."

"नसतो. भोक असतं. माणसाच्या आकाराचं. चेहरा नाही, कपडे नाहीत. पण कुठं होतं, कसं हललं, ते कळेल."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं. कुणाला सांगितलं नाही. त्याचं कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको."

"किती वेळ लागेल?"

"फाइली आल्या की एक रात्र. पण मी हे गुपचूप करणार नाही. गुन्हा असेल तर उघडपणे करीन, आणि पद्धत काय होती ते अहवालात लिहीन. ते बाहेर येणार. आजवर निघालेली, आणि नवी चिप येईपर्यंत निघेल ती, प्रत्येक चित्रफीत कुणालाही अशी उघडता येईल. तुमच्या खाडीवरच्या असतील त्याही."

फिरोज शेजारीच उभा होता. "पाठवू का दादा फाइली? आत्ता पाठवतो. परवाना गेला तर जाऊ दे."

"थांब जरा," सिद्धेश म्हणाला.

तो तसं का म्हणाला, हे त्याला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं.

दर्शना पडवीत कोयतीवर तिसऱ्या फोडत बसली होती. आदल्या दिवशीच्याच. टाकवत नव्हत्या आणि खाववतही नव्हत्या. सिद्धेश पायरीवर बसला. त्यानं सगळं सांगितलं. भोकांचं, चालीचं, अहवालाचं. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते.

"माजा तोंड दिसतला?"

"नाय. आकार फक्त. नि चाल."

"माजा तोंड तेवाय नव्हता दिसाक," ती म्हणाली. "चालीवरनाच वळखल्यानी."

"म्हणानच इचारूक इलंय."

"म्हणान इलंस." तिनं कोयतीवरून हात काढला. "दादा, तुजी आवस थंय पाण्यात की झाडीत ता ठावक नाय, नि तू माज्या दारात बसान माका इचारतंस, करू की नको? मी नको म्हटलंय तर?"

सिद्धेशनं पायरीवरची टरफलं बाजूला सारली.

"मी नको म्हटलंय तर तू नाय करूचंस. माका ठावक आसा. तसोच आसस तू. मगे आवस गेली ती कोणामुळे? माज्यामुळे. कर म्हटलंय, नि उद्या कोण माजी चाल बघून परत गाणा लावल्यान, तर ता पण मीच सांगलंय म्हणान. ह्या वझा तू माज्या डोक्यार ठेवतंस. पाटी कशी उचलून देतत, तशी."

"तसा नाय गो दर्शना."

"तसाच आसा." ती रडत नव्हती. "काकी माज्या उजव्या हाताक होती. इतकीच लांब, ह्या खांबाइतकी. ती काय तरी बोल्ली माका. मी पदरातसून तोंड भायर काढूक नाय. मी म्हटलंय, गप बस काकी, वर आसा तो."

बाहेर माडावरून कावळा ओरडला. तिनं परत एक शिंपला उचलला, आणि ठेवून दिला.

"काय बोल्ली ती?" सिद्धेशनं विचारलं.

"ऐकूक नाय मी. ... कर जा. माका येवन सांगा नको काय दिसला ता."

तो उठला तेव्हा सूर्य कलला होता. फिरोजनं सगळ्या फाइली पाठवल्या. त्या दिवशीची ओहोटी तोवर सरली होती, आणि कांदळवनाच्या बाजूला एकही होडी गेली नव्हती. सिद्धेश एकटा कमरेएवढ्या चिखलातून काही अंतर आत शिरला, हाका मारल्या, आणि पाणी चढल्यावर परत फिरला.

डॉ. लोंढ्यांचा फोन मंगळवारी सकाळी आला.

"जवळ कोणी आहे का तुमच्या?"

"फिरोज आहे. अण्णा आहेत."

"अण्णांना आत बसवा."

त्यानं तसं केलं. मग पडदा उघडला. खाडी नव्हती, पट्टी नव्हती. नुसता करड्या रंगाचा बारीक रवा, आणि त्यात सहा काळी भोकं. वाकलेली, बसलेली. एक किंचित झोल देऊन उठलं, आणि सिद्धेशनं नजर बाजूला केली. पाच भोकं काठाकडे सरकली. सहावं डावीकडे, कांदळवनाच्या टोकाकडे, सावकाश चालत राहिलं. चित्र जोडप्याकडे वळलं.

"ही पहिली फाइल," लोंढे म्हणाल्या. "त्या टोकाला गेल्या एवढं नक्की. फौजदारांना मी कळवलंय, बोटी निघाल्या असतील. आता दुसरी."

"दुसरी कसली?" फिरोज म्हणाला. "दुसरीत काय न्हाई मॅडम. ड्रोन परत आणताना कॅमेरा चालूच राहिला हुता. नुसतं पाणी हाय त्यात. आम्ही बघितली की काल."

"बघा," त्या म्हणाल्या.

करडा रवा परत सुरू झाला. एका कोपऱ्यातून एक भोक आत आलं. ते बुटकं होतं. खालचा अर्धा भाग नव्हता, कारण तो पाण्यात होता. सिद्धेशला ते आधी कळलंच नाही, कारण त्याचा आकार माणसासारखा वाटत नव्हता. वर दोन फाटे फुटलेले. मग ते फाटे हलले. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे.

शालन मेथरनं दोन्ही हात वर केले होते. सात वर्षं ड्रोनच्या आवाजाला तोंड झाकणारी ती बाई तोंड वर करून त्याला हात करत होती. पोकळीला तोंड नसतं, त्यामुळे तोंड वर होतं हे रव्यात दिसत नव्हतं. पण हात तसे करणाऱ्या माणसाचं तोंड दुसरीकडे कुठं असणार?

ड्रोन तिच्या बरोबर वरून गेला. भोक चित्राच्या तळाशी सरकलं, फाटे अजून हलत होते, आणि चौकट संपली.

"परत लावू नका," सिद्धेश म्हणाला.

फिरोज भिंतीला टेकून खाली बसला. "मी स्क्रीनवर बघत हुतो, दादा. बॅटरी संपत आल्ती, म्हणून स्क्रीनवरच डोळं. स्क्रीनवर पाणीच हुतं ओ. मान वर करून नुसतं खाडीकडं बघितलं असतं तर..." मग म्हणाला, "उघड्या डोळ्यांनी बघत राहायचं, असा नियम हाय की आपल्यात. पहिलाच नियम. कोण पाळतंय?"

अण्णा दारात उभे होते. ते कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं.

"हात करी होती?" त्यांनी विचारलं.

सिद्धेशनं मान डोलावली.

"मगे जिती होती ती," अण्णा म्हणाले. "पोवता तिका येता. लहानपणी पोवायची." ते काठाकडे चालू लागले. वाटेत थांबून म्हणाले, "चल रे. बसलंस काय?"

मंगळवारी आणि बुधवारी सगळ्या बोटी कांदळवनात होत्या. पट्टीचं टोक आणि झाडी यांच्यामध्ये खोल पाण्याचा चिंचोळा पाट आहे. पोहता येणारा माणूस भरतीच्या ओढीबरोबर तो पार करू शकतो, असं मालवणहून आलेल्या पाणबुड्यांनी सांगितलं. पार केलाच असेल असं त्यांनी म्हटलं नाही. आत झाडांची मुळं जाळीसारखी गुंतलेली आहेत, आणि मधूनमधून कोरडे उंचवटे आहेत. गावातले पुरुष बूट काढून शिरले, कारण त्या चिखलात बूट रुतून बसतात. दर्शना होडीत सगळ्यांत पुढं उभी राहून हाळी देत होती. प्रत्येक हाळीनंतर ती हात वर करून वल्ही थांबवायची, आणि सगळे ऐकत राहायचे.

बुधवारी डॉ. लोंढे यांनी अहवाल सादर केला आणि स्वतःवर गुन्हा नोंदवून घेतला. दुपारपर्यंत पद्धत बाहेर आली होती. त्याच संध्याकाळी कुणीतरी एका नदीघाटावरची जुनी चित्रफीत उघडून काळ्या भोकांसह टाकली. नियमन समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली असून सिद्धेश मेथर यांना निमंत्रण आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही.

गुरुवारी सकाळच्या ओहोटीला शोधपथकाची कुत्री कांदळवनात बरीच आत एका उंचवट्यापाशी थांबली आणि भुंकू लागली. उंचवट्याच्या कडेला चिखलात पावलं उमटलेली होती. अनवाणी, पाण्यातून वर जाणारी, चार किंवा पाच. चिखलात पाऊल पसरतं, त्यामुळे लहान की मोठं ते सांगता येईना. त्या भागात गावचे पुरुष दोन दिवस अनवाणी फिरले होते. आपण सोमवारी नेमके कुठवर शिरलो होतो, हे सिद्धेशलाही आठवेना. उंचवट्यापलीकडे पाणी होतं आणि परत झाडी. तिथं कुत्रीला वासाचा माग लागेना.

पावलांचे फोटो काढण्यात आले. अण्णा पावलांशेजारी उकिडवे बसून राहिले होते, ते पाणी घोट्याला लागेपर्यंत उठले नाहीत. दुपारी भरतीनं उंचवट्याची कड झाकली. शोध संध्याकाळच्या ओहोटीला पुढं सुरू होईल.